नौकेचा कक्ष आणि वऱ्हाडचा वाडा : जुन्या काष्ठकामाच्या जीर्णोद्धाराचा एक विचार

वऱ्हाडास समुद्र नाही. पूर्णा आणि वर्धा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या प्रांताचा नौकानयनाशी संबंध जोडणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि जुन्या मोटर-नौकेच्या आतील लाकूडकामाची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास लागणाऱ्या पदार्थांची यादी केली, तर साग, कापूस, जवसाचे तेल आणि लाख ही चार नावे तीत हटकून येतात. आणि यांतील एकही नाव अमरावती-अकोल्याच्या बाजारास परके नाही. नौकेतील काष्ठकामाचा जीर्णोद्धार हे गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत एक स्वतंत्र शास्त्र बनले आहे. त्या शास्त्राचा इतिहास पाहू गेल्यास त्यातील पुष्कळसा भाग वऱ्हाडातील पडत्या वाड्यांस जसाच्या तसा लागू पडतो, असे दिसून येते.

प्रथम नावांचा विचार करू. मराठीतील ‘साग’ हा शब्द संस्कृत ‘शाक’ या वृक्षनामापासून आला. तेच नाव व्यापाराबरोबर पश्चिमेस जाऊन अरबीत ‘साज’ झाले. युरोपास या लाकडाची ओळख निराळ्या वाटेने झाली. मलयाळम् ‘तेक्कु’पासून पोर्तुगीज ‘तेका’ आणि त्यापासून इंग्रजी ‘टीक’ अशी ती परंपरा आहे. एकाच झाडाची ही दोन नावे दोन सागरी मार्गांची खूण पटवितात. पहिला मार्ग फार जुना आहे. भडोच बंदरातून इराणी आखाताकडे इमारती लाकूड जात असे, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथावरून कळते. संस्कृत ‘कर्पास’ ग्रीकमध्ये ‘कार्पासोस’ व लॅटिनमध्ये ‘कार्बासुस’ झाला, आणि लॅटिन काव्यात त्याच शब्दास जहाजाचे शीड असा अर्थ आला. ‘लाक्षा’ म्हणजेच आपली लाख. इंग्रजीतील ‘लॅक’, ‘शेलॅक’ व ‘लॅकर’ हे शब्द तिच्याच कुळातील होत. माल ज्या देशातून निघतो त्या देशाचे शब्दही मालाबरोबर गलबतात चढतात, याची ही उदाहरणे आहेत.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर सागाच्या जहाजांचे सर्वांत मोठे केंद्र मुंबई हे होते. सुरतेचा लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आला आणि १७५० साली तेथे कोरडी गोदी तयार झाली. वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी याच्या देखरेखीखाली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईस पाण्यात सोडली गेली. इंग्लंडात पोचल्यावर तिला छप्पर घालून १८४५ पर्यंत राखीव ठेवण्यात आले. पुढे ती शिकाऊ नौका झाली, दीर्घकाळ ‘फूद्रोयां’ या दुसऱ्या नावाने वावरली, आणि अखेर १९८७ साली जीर्णोद्धारासाठी हार्टलपूल येथे नेण्यात आली. ते काम २००१ साली पूर्ण झाले. जवळजवळ दोन शतकांनंतरही तिच्यातील निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे आहे. ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडी खिळ्यांस खाते. सागातील तेल उलट त्यांचे रक्षण करते. मुंबईच्या नौका टिकल्या त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

या जहाजांचा साग मुख्यत्वे मलबारच्या जंगलांतून येई. १८२६ नंतर ब्रह्मदेशातील मोलमीन बंदराने त्या व्यापारात मोठे स्थान मिळविले. मेळघाटचा साग मात्र उतारावरून खाली परतवाड्याच्या बाजारात आला आणि मुख्यतः घरांत, वाड्यांत व गाड्यांत गेला. एकाच जातीच्या लाकडाचे हे दोन संसार झाले. एक खाऱ्या पाण्यावर, दुसरा काळ्या मातीवर.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात तेलावर चालणारी इंजिने आली आणि धनिकांच्या विहारनौकांचे नवे युग सुरू झाले. शिडे गेली, कोळशाची कोठारे गेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दिवाणखाने, भोजनगृहे व निजण्याचे कक्ष आले. त्यांच्या भिंती महोगनी व सागाच्या पॅनेलांनी मढविलेल्या असत. अमेरिकेतील ‘सिक्वोया’ ही अशा नौकांपैकी सर्वांत प्रसिद्ध. जॉन ट्रम्पी याच्या आराखड्यावरून १९२५ साली न्यू जर्सीतील कॅमडेन येथे बांधलेली ही १०४ फूट लांबीची लाकडी नौका १९३१ साली सरकारने विकत घेतली. हूव्हरपासून पुढच्या अनेक राष्ट्राध्यक्षांनी ती वापरली. १९७७ साली कार्टर यांनी ती विकून टाकली आणि १९८७ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. एवढ्या मानमरातबानेही तिचे रक्षण झाले नाही. मालकीच्या तंट्यात ती किनाऱ्यावर पडून राहिली. २०१६ साली डेलावेअरच्या न्यायालयाने दिलेल्या निकालात, नौका कुजत असून तिच्यात रानटी प्राण्यांनी घर केले आहे, अशी नोंद आहे. २०१९ साली तिला दुरुस्तीसाठी मेन राज्यातील बेलफास्ट येथे नेण्यात आले. स्मारक म्हणून जाहीर झालेली वस्तूही रोजच्या देखभालीवाचून तीस वर्षांत मोडकळीस येते, हा या इतिहासाचा बोध आहे.

लाकडी नौका कुजते ती समुद्राच्या पाण्याने, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खारे पाणी बुरशीस फारसे मानवत नाही. नौकेचा शत्रू पावसाचे गोडे पाणी होय. वरच्या तक्तपोशीच्या फटींतून ते झिरपते, पॅनेलाच्या मागे उतरते आणि जेथे वारा खेळत नाही तेथे साठते. लाकडातील ओलावा सुमारे वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. म्हणून कक्षातील पॅनेलावर काळा डाग दिसला तर त्याचे मूळ बहुधा त्या कक्षात नसते; ते वर, तक्तपोशीत असते. तेथील फटींत कापसाची वात ठासून वर लुकण भरण्याची जुनी रीत आहे. ते काम प्रथम करावयाचे आणि पॅनेलास त्यानंतरच हात लावावयाचा. हा क्रम उलटा केला तर नवे लाकूडही थोड्याच वर्षांत जुन्याच्या वाटेने जाते.

पॅनेल काढण्याचीही पद्धत आहे. प्रत्येक तुकड्यास क्रमांक द्यावयाचा, तो जागेवर असतानाच त्याचे चित्र घ्यावयाचे, आणि जोडणी ज्या क्रमाने झाली त्याच्या उलट क्रमाने ती सोडवावयाची. चांगल्या जुन्या कामात पॅनेलाची फळी चौकटीच्या खोबणीत नुसती बसविलेली असते. तिला सरस लावलेला नसतो. दमट हवेत फळी फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि खोबणीत तिला तेवढी जागा ठेवलेली असते. दुरुस्ती करणाराने अज्ञानाने ही फळी चिकटवून टाकली तर ती पुढच्या उन्हाळ्यात मधोमध तडकते. चौकटीचे सांधे कुसू आणि भोक यांचे असतात. जुना सरस ऊब आणि ओल यांनी सुटतो, म्हणून असा सांधा न मोडता उघडता येतो. आजची कृत्रिम राळ एकदा बसली की सुटत नाही. फळीचा कुजलेला भागच तेवढा कापून, तिरप्या लांब सांध्याने त्याच जातीचे, त्याच रेषांचे लाकूड जोडणे हे उत्तम काम समजले जाते. साग तेलकट असल्याने सरस लावण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग स्पिरिटाने पुसून घ्यावा लागतो.

शेवटची पायरी चकाकीची. आतील कामास लाखेचे पॉलिश असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा हा स्राव. पूर्व विदर्भाच्या जंगलांत तो गोळा होत आला आहे. शुद्ध केलेली लाख स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवितात. उघड्यावरील लाकडास मात्र उन्हापावसात टिकणारे रोगण लागते, आणि जुन्या रोगणाचा पाया जवसाचे उकळलेले तेल हा असे. जवस हे विदर्भाचे जुने गळिताचे पीक होय. जुना थर कोणता हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. कोपऱ्यात स्पिरिटाचा थेंब लावला असता लाख विरघळते, तेलाचे रोगण सहसा विरघळत नाही. ही परीक्षा न करता सर्व काही खरवडून काढणारा कारागीर लाकडाबरोबर त्याचा शंभर वर्षांचा रंगही काढून टाकतो.

आता वऱ्हाडाकडे वळू. येथील देशमुखी वाडे आणि गढ्या यांचा सांगाडा सागाचा असतो. ढाळज, ओसरी, चौक, दगडी तळखड्यावर उभे केलेले खांब, त्यांवरील तुळया आणि वर मातीचे धाबे अशी त्यांची रचना. नौकेचा आणि वाड्याचा रोग एकच आहे. धाब्यात फट पडली की पावसाचे पाणी उतरते, आणि तुळईचे जे टोक भिंतीत गाडलेले असते तेथे वारा न लागल्याने ते कुजते. पाठोपाठ उधई येते. बाहेरून तुळई धडधाकट दिसते, आत भुगा झालेला असतो. अकोल्याचा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा यांत लाकडाचे आकसणे-फुगणे फार मोठे असते, म्हणून येथील जुन्या दारांतही फळी खोबणीत मोकळी ठेवलेली आढळते. अलीकडे अशा भिंतींस सिमेंटचा गिलावा करण्यात येतो. चुन्यामातीची भिंत ओल बाहेर टाकते. सिमेंटाने ती आतच कोंडते आणि तुळईचे टोक अधिक लवकर जाते. हेतू रक्षणाचा, परिणाम नाशाचा, असे त्या दुरुस्तीचे स्वरूप होते.

याहून मोठे संकट बाजाराचे आहे. मेळघाटात १९७४ साली व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. जुन्या, जाड, पूर्ण मुरलेल्या गाभ्याचा साग आता जंगलातून सहज मिळणारी वस्तू राहिलेली नाही. तो आता मुख्यतः वाड्यांत उरला आहे. साहजिकच वारसांच्या वाटणीत अडकलेला वाडा उभा ठेवण्यापेक्षा उतरविणे अधिक किफायतीचे ठरते. खांब, तुळया, कोरीव गणेशपट्टी यांची विक्री होते आणि त्यांतून शहरी घरांचे नवे सामान तयार होते. लाकूड वाया जात नाही हे खरे. पण कोणता खांब कोणत्या ओसरीचा, कोणता सांधा कोणत्या पद्धतीचा, हे ज्ञान त्या दिवशी संपते. ‘त्रिंकोमाली’च्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब ठेवणारे लोक होते. वाड्याच्या तुकड्यांचा हिशेब लाकूड मोजणाराच ठेवतो.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला सुतार म्हणतात त्याला वऱ्हाडात वाढई म्हणतात. पहिला शब्द ‘सूत्रधार’ म्हणजे सूत धरून मापणारा यापासून, दुसरा ‘वर्धकि’ म्हणजे लाकूड तासणारा यापासून आलेला. एकाच धंद्याच्या दोन अंगांवरून पडलेली ही दोन नावे आहेत. वाकस, पटाशी, किंकरे, सामता ही हत्यारांची नावे, आणि खांब-तुळयांच्या भागांची व सांध्यांची नावे, ही सर्व एका सुसंगत ज्ञानाची परिभाषा होय. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात आणि १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या दाते-कर्वे यांच्या शब्दकोशात यांतील पुष्कळ शब्द नोंदले गेले. परंतु कोशातील शब्द वस्तूपासून सुटलेला असतो. ज्या सांध्यास नाव उरले नाही तो सांधा दुरुस्त करा असे कोणी कोणास सांगू शकत नाही. मग ‘हे काढून नवे बसवा’ एवढीच आज्ञा शिल्लक राहते. कारागिरी नाहीशी होण्याच्या आधी तिची परिभाषा नाहीशी होते, याचे प्रत्यंतर कोणत्याही मोडत्या वाड्यात मिळेल.

१९६४ च्या व्हेनिस सनदेत जीर्णोद्धाराचे एक तत्त्व सांगितले आहे. गहाळ भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकूण वास्तूशी सुसंवादी असावा, परंतु मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. वऱ्हाडातील सर्वच वाडे राखता येणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. जे राखता येतील त्यांच्या बाबतीत नौकेचा क्रम पाळावा: आधी छप्पर, मग तुळईचे टोक, मग चौकट, आणि सर्वांच्या शेवटी चकाकी. जे राखता येणार नाहीत ते उतरविण्यापूर्वी त्यांच्या प्रत्येक खणाचे मोजमाप, चित्र आणि वाढयाच्या तोंडची नावे एकत्र टिपून ठेवावीत. या कामास लागणारा खर्च थोडा आहे; लागणारी मुख्य सामग्री म्हणजे ती नावे जाणणारी वृद्ध माणसे. त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे, आणि अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील अभ्यासकांनी हे काम हाती घेण्यास तेवढे एकच कारण पुरेसे आहे.