टुंग! आज भाजी किती खाल्ली?

मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. त्यांना घरी आणल्याआणल्या मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "अरे, वाटीभर आमटी म्हणजे किती ग्रॅम, हे मी कसं सांगू?" अ‍ॅप उडालं. मी मात्र शोधत बसलो, हा उद्योग आपल्याआधी कोणी केला होता?

तर चला, पीडीएच्या जमान्यात. खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर, स्क्रीनवर काडीने टकटक करायची. अमेरिकेत स्टॅनफर्डला अ‍ॅबी किंग आणि सहकाऱ्यांनी पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या २७ जणांवर प्रयोग केला. काहींना नेहमीची छापील माहिती दिली, काहींना पीडीए. आठ आठवडे, दिवसातून दोनदा पीडीए विचारणार: भाजी किती खाल्ली? कोंड्यासकट धान्य किती? २००८ मध्ये निकाल छापून आला. पीडीएवाल्यांच्या ताटात भाजी जास्त वाढली होती.

पण २७ माणसं म्हणजे आमच्या भाषेत नुसता प्रोटोटाइप. शिवाय ही माणसं धडधाकट होती. आधीच हृदयविकार असलेल्यांचं काय?

त्यासाठी सिडनीला जाऊ. क्लारा चाऊ यांच्या टीमने ७१० हृदयरुग्ण घेतले. साधारण निम्म्यांना सहा महिने, आठवड्याला चार एसएमएस. बस्स! आहार, चालणं, सिगारेट यांवर साधा सल्ला. उत्तर द्यायची सक्ती नाही, काही भरायचं नाही. सिगारेट न ओढणाऱ्याला सिगारेटचा मेसेजही नाही. २०१५ मध्ये 'जामा'त निकाल आला: मेसेजवाल्यांचं एलडीएल सरासरी ७९, बाकीच्यांचं ८४. वरचं बीपी १२८, बाकीच्यांचं १३६. म्हणजे औषधं चालू असतानाही साध्या मेसेजने फरक पडला.

इथे माझी ट्यूब पेटली. मी बाबांना फॉर्म भरायला लावत होतो. त्यांना हवी होती फक्त आठवण, तीही माहितीतल्या माणसाची.

आता आठवड्यातून चारदा, जेवणाआधी, मी मेसेज टाकतो. काल लिहिलं, "पापड नको, काकडी घ्या." उत्तर आलं, "काकडी संपलीये. येताना आण."

गोळ्या आणि डॉक्टर आपल्या जागी आहेतच, मंडळी. पण हा एपिसोड संपला की घरी एक मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात!