पदावरची ओळ : मराठी नाट्यपदांच्या चालींचा प्रवास

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही वसाहत मूळची विनय नगर. पुढे तिला सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी स्वातंत्र्योत्तर काळात जी घरे बांधली गेली, त्यांत राहावयास आलेला माणूस निरनिराळ्या प्रांतांतून बदलीच्या हुकुमाबरोबर आला आणि सामानात आपली गाणीही घेऊन आला. एका जिन्यावर तमिळ कुटुंब, दुसऱ्यावर बंगाली, खाली पंजाबी आणि मधेच कोठेतरी एखादे मराठी बिऱ्हाड, असा हा शेजार होता. येथील दाक्षिणात्य रहिवाशांच्या विनायक मंदिरासारख्या ठिकाणी भजनाला बसलेल्या मराठी माणसाला एक चमत्कारिक अनुभव येऊ शकतो. उच्चार तमिळ वळणाचे, मृदंगाचा ठेका कर्नाटकी, परंतु शब्द मात्र आपल्या नामदेव-तुकारामांचे! तमिळ भजनसंप्रदायात मराठी अभंग आजही भक्तिभावाने गायिला जातो. ऐकणारा क्षणभर सुखावतो आणि मग त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, की हे गाणे येथवर आले कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे दोन गाण्यांतील नाते ओळखणे ही केवळ कानाची करमणूक राहत नाही. तो इतिहासाचा विषय होतो. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर हा विषय टाळताच येणार नाही, कारण आपल्या वाङ्मयाचा एक मोठा विभाग, म्हणजे संगीत नाटकातील पदे, अशा नात्यांवरच उभा आहे. जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडावी. पदाच्या माथ्यावर बारीक टाइपात एक ओळ आढळते : 'चाल', आणि तिच्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. ते गाणे कधी लावणी असते, कधी ठुमरी, कधी कानडी पद, तर कधी आधीच्या नाटकातील लोकप्रिय पद. वाचक ही ओळ सहसा ओलांडून पुढे जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की ही ओळ ओलांडून गेल्यास पदाचे शब्दही नीट वाचता येत नाहीत.

प्रथम तंजावरचे उदाहरण घेऊ. 1675च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी स्थापन केलेले तंजावरचे मराठी राज्य 1855 साली खालसा झाले. या पावणेदोनशे वर्षांत तेथे तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या भाषा एकमेकींच्या सहवासात नांदल्या. कर्नाटक संगीताचे थोर वाग्गेयकार त्यागराज (1767–1847) याच राज्यातील तिरुवैयारू येथे राहत होते. राज्य गेल्यानंतरही मराठी कीर्तनकारांचे तंजावरला जाणे-येणे चालू राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाचे संस्कार घेऊन तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे मराठी रचनाप्रकार आपल्या नावांसह स्थिरावले. साकीच्या चरणात सोळा आणि बारा अशा अठ्ठावीस मात्रा, दिंडीच्या चरणात नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रा. ही मोजणी भाषा बदलली तरी तशीच राहिली. साकी आणि दिंडी या नुसत्या वृत्तांच्या चौकटी नव्हेत. त्यांच्याबरोबर त्यांची म्हणण्याची चालही जाते. सरोजिनी नगरातील भजनात ऐकू येणाऱ्या अभंगाची वाट अशी तंजावरवरून येते.

उलट दिशेची वाटही तितकीच वाहती होती. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यामागे उत्तर कानडातील कर्की गावच्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. त्याच 1843 साली, आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. कानडी मुलुखात वाढलेल्या या मराठी माणसाच्या कानांवर कीर्तन, लावणी, कानडी पदे आणि बायकांची गाणी यांचे संस्कार एकत्रच झाले. 1880 साली पुण्यात पारशी नाटक मंडळीचा 'इंद्रसभा' या उर्दू गीतनाट्याचा प्रयोग त्यांच्या पाहण्यात आला आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक त्यांनी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात रंगविले. दोनशेच्या आसपास पदे असलेल्या या नाटकात आणि पाठोपाठ 1882 साली आलेल्या 'सौभद्रा'त साकी आहे, दिंडी आहे, लावणीची ठेकेदार चाल आहे आणि कर्नाटकी वळणाच्या चालीही आहेत. म्हणजे साकी-दिंडी दक्षिणेकडे जात होत्या, त्याच सुमारास कर्नाटकी चाली उत्तरेकडे येत होत्या. देवाणघेवाणीचा असा दुहेरी पुरावा वाङ्मयेतिहासात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

किर्लोस्करांनंतर चालींचे उगम बदलत गेले आणि त्यांबरोबर पदाची भाषाही बदलली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' (1896) या नाटकापासून पारशी-उर्दू रंगभूमीवरील चटकदार चाली मराठीत आणल्या. 1911 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे स्वतः हार्मोनियमवादक, पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे मर्मज्ञ. पदांची संख्या पन्नासच्या घरात उतरली, पण प्रत्येक पदाला विस्ताराची जागा मिळाली. 1916 च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांसाठी योजल्या. बखले यांनी एकाहून अधिक घराण्यांच्या उस्तादांकडे तालीम घेतली होती. त्या विद्येचा साठा बालगंधर्वांच्या कंठातून तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचला. मैफलीच्या दिवाणखान्यात ज्याला प्रवेश नव्हता, अशा माणसाने यमन आणि बिहाग नाट्यगृहात ऐकले.

येथे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या बहुतेक पदांत चाल आधी आहे आणि शब्द मागाहून आले आहेत. नाटककाराच्या पुढे तयार बंदिश असे. तिच्यातील दीर्घ स्वरांची स्थाने, समेवर येणारे अक्षर, मुखड्याची लांबी हे सर्व ठरलेले असे. ब्रज भाषेतील बंदिशीत स्वर लांबविण्यास सोयीची, मोकळी, दीर्घान्त अक्षरे विपुल असतात. मराठीत जोडाक्षरे अधिक आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी यावयाचे. तेव्हा समेवर योग्य अक्षर आणण्यासाठी शब्दक्रम फिरवावा लागे, विभक्तिप्रत्यय गाळावे लागत, दोन अक्षरांच्या जागी बसेल असा संस्कृत शब्द शोधावा लागे. नाट्यपदांच्या दुर्बोधतेविषयी आणि ओढाताणीच्या अन्वयाविषयी टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. तो दोष सर्वस्वी नाकारता येणार नाही. तथापि जे काम कवीने दुसऱ्याच्या साच्यात केले, त्याची परीक्षा साचा न पाहता करणे न्याय्य नव्हे. खाडिलकरांचे पद कवितेच्या पुस्तकात कवितेसारखे वाचले की ते अडखळते. त्याच्या माथ्यावरची चाल मनात धरून वाचले की तोच अडखळलेला शब्द समेवर बरोबर येऊन बसतो.

याच ठिकाणी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. दोन गाणी एका रागात आहेत एवढ्यावरून ती एका कुळातली ठरत नाहीत. यमन हा सर्वांचा राग आहे. ज्याने त्याने तो आपल्या विहिरीतून काढला असेल. नाते सिद्ध करावयाचे तर राग, ताल, चरणाची मात्रारचना आणि मुखड्याची स्वरवाक्ये या चारही गोष्टी ताडून पाहाव्या लागतात. त्यांतील किमान मुखडा आणि रचनेची मोजणी जुळली पाहिजे. आणि एवढे जुळूनही ही चाल कोणी कोणाला दिली, ती माणसे कोठे भेटली, याचा माग लागला तरच अनुमानाला इतिहासाचे रूप येते. कान नाते सुचवितो. ते ठरविण्यासाठी कागद आणि माणूस लागतो. या दृष्टीने पदावरची 'चाल' ही ओळ बहुमोल ठरते, कारण ती रचनेच्या वेळची, रचणाऱ्याच्या बाजूची साक्ष आहे. संगीत नाटक अकादमीने 1986 साली प्रसिद्ध केलेल्या 'स्टेज म्युझिक ऑफ महाराष्ट्र' या ग्रंथात अशोक दा. रानडे यांनी नाट्यसंगीताकडे केवळ आठवणींचा विषय म्हणून न पाहता शास्त्रशुद्ध अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले, ही गोष्ट येथे कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे.

परंतु ही साक्षही अपुरी आहे. ती गाण्याचे नाव सांगते. ते गाणे ज्याच्या कंठातून आले त्या माणसाचे नाव सांगत नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक याचे ठळक उदाहरण होय. 23 जानेवारी 1919 रोजी गडकरी निवर्तले, तेव्हा नाटकाची पदे व्हावयाची होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली आणि फेब्रुवारी 1919 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. सिंधूच्या तोंडच्या ज्या पदांनी महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आणले, त्यांतील चालींसाठी मंडळीने पुण्याच्या गायिका सुंदराबाई जाधव यांचे साहाय्य घेतले होते. गझल, दादरा आणि ठुमरी यांच्या बैठकीतील ढंग त्यांच्या गळ्यात मुरलेला होता. गोष्टीतील विरोध पाहण्यासारखा आहे. मद्यपी नवऱ्यासाठी झिजणाऱ्या कुलीन पत्नीचे दुःख ज्या स्वरांतून व्यक्त झाले, ते स्वर कोठीच्या आणि बैठकीच्या परंपरेतून आलेले होते. ज्या प्रतिष्ठित घरांत सिंधूची पदे आवडीने गायिली गेली, त्यांतील किती दारे बैठकीच्या गायिकेसाठी उघडली असती? नाट्यपदाने चाल घेतली आणि तिच्याबरोबर आलेली माणसे उंबऱ्याबाहेर ठेवली, असे म्हणावे लागते. लावणीची चाल सौभद्राच्या सभ्य रंगमंचावर आली, पण लावणी गाणारी बाई तेथे आली नाही. स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत होता. गाण्यांमधील नाती शोधण्याचा खरा अर्थ येथे कळतो. ते काम म्हणजे गाळलेल्या नावांची पुन्हा नोंद करणे होय.

सुंदराबाईंची गोष्ट सुदैवाने येथेच संपत नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या 'माणूस' (1939) या चित्रपटात त्या नायकाच्या आईच्या भूमिकेत पडद्यावर दिसतात. त्या चित्रपटाचे संगीत मास्टर कृष्णराव यांचे, म्हणजे भास्करबुवा बखले यांच्या शिष्याचे. 'स्वयंवर' आणि 'एकच प्याला' यांना ज्या दोन परंपरांनी चाली पुरविल्या, त्यांचे वारस वीस वर्षांनी एका चित्रपटात एकत्र आले. त्याच चित्रपटातील 'कशाला उद्याची बात' या शांता हुबळीकरांनी गायिलेल्या गीतात निरनिराळ्या प्रांतांच्या भाषा एकामागून एक येतात. ऐकणाऱ्याला त्या वेगळ्या वाटतात आणि तरीही गाणे एकच राहते. पुढे 1967 साली 'कट्यार काळजात घुसली' या नाटकात जितेंद्र अभिषेकी यांनी एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत बांधले. आधीच्या पिढ्यांनी एका चालीवर निराळे शब्द बसविले होते. अभिषेकींनी एकाच शब्दांवर निराळ्या चाली बसविल्या. जुनी वहिवाट उलटी करून त्यांनी ती पूर्ण केली असे म्हणता येईल.

पुन्हा सरोजिनी नगराकडे येऊ. 2016 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. त्यांत सरोजिनी नगर होते आणि त्यागराजांच्या नावाचे त्यागराज नगरही होते. जुनी बैठी आणि दुमजली घरे पाडून उंच इमारती उभ्या करण्याचे काम सुरू झाले. घरे जुनी झाली होती, ती पडणारच. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र चाली ज्या शेजारात एकीकडून दुसरीकडे जातात, तो शेजार कोणत्याही नकाशात दाखविलेला नसतो. भिंतीपलीकडून ऐकू आलेले गाणे, मंदिरातील भजन, बदली होऊन गेलेल्या कुटुंबाने मागे ठेवलेली एखादी ओवी, यांची दप्तरी नोंद होत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या कानांवर कानडी पदे पडली ती अशाच शेजारातून आणि सुदैवाने त्यांनी पदाच्या माथ्यावर ती ओळ लिहून ठेवली.

म्हणून ग्रंथालयांनी संगीत नाटकांच्या जुन्या प्रती जपताना त्यांतील ती बारीक टाइपातील ओळही ग्रंथाइतकीच जपावी आणि विद्यार्थ्यांनी पद वाचण्यापूर्वी ती वाचावी. जेथे चालीचे मूळ गाणे सापडेल तेथे ते गाणाऱ्याचे नावही शोधावे. तमिळ भजनात आपला अभंग ऐकून आपल्याला अभिमान वाटतो, तो वाटावा. परंतु आपल्या सर्वांत लाडक्या पदांच्या चाली ज्यांनी आपल्याला दिल्या, त्या कानडी भागवतांचे, पारशी नटांचे, उस्तादांचे आणि बैठकीच्या गायिकांचे ऋण आठवल्याखेरीज तो अभिमान पुरा होत नाही.