काचेची नळी आणि लांब रेणू

पातेलंभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवली, तरी ते पाण्यासारखेच वाहते. तेवढाच स्टार्च शिजवला की साडीला लावायची खळ होते. एवढ्याशा वस्तूने पाणी इतके दाट का व्हावे, या प्रश्नावरून १९२०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांत मोठा वाद पेटला होता.

स्टार्च, रबर, सेल्युलोज म्हणजे छोट्या रेणूंचे पुंजके, असे बहुतेक जण मानत. हेर्मान श्टाउडिंगर १९२०पासून सांगत होते, की हे हजारो अणू साखळीत गुंफलेले सलग रेणू आहेत. हाइनरिश वीलांड यांच्यासारख्या मातब्बराने त्यांना सुचवले, की हा नाद सोडा, रबर नीट शुद्ध करा, स्फटिक मिळतील.

रेणुभार मोजण्याचे स्वेडबेरी यांचे भलेमोठे अल्ट्रासेंट्रिफ्यूज स्वीडनमध्ये होते. फ्रायबुर्गमध्ये श्टाउडिंगरांनी भिस्त ठेवली ती ओस्टवाल्डच्या काचेच्या नळीवर. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची नळी, तिच्या एका बाजूला केसासारखे बारीक छिद्र, वर दोन खुणा. द्रावण वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात, ते मोजायचे; मग नुसत्या द्रावकाचे. एम.एस्सी.ला असताना मीही ही नळी हाताळली आहे. पाणी दोन अंशांनी तापले तरी आकडे घसरतात, म्हणून हे काम दिसते तितके सोपे नाही.

आधी आखूड साखळ्या घेतल्या. त्यांचा रेणुभार गोठणबिंदूच्या घसरणीवरून काढता येत होता. त्यावरून स्थिरांक ठरवला आणि तोच लांब साखळ्यांना लावला. १९३०च्या सुमारास नियम मांडला: द्रावणाच्या दाटपणात पडलेली भर संहतीने भागली, की ती रेणुभाराच्या प्रमाणात वाढते. शिवाय सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून वेगळे संयुग केले, तरी साखळीची लांबी जवळपास तीच निघे. पुंजके असते तर द्रावक आणि प्रक्रिया बदलताच ते विस्कटले असते. मला हा युक्तिवाद नियमापेक्षा भक्कम वाटतो.

कारण नियमामागचे चित्र चुकीचे होते. श्टाउडिंगरांना साखळ्या ताठ काड्यांसारख्या वाटत. वेर्नर कून यांनी १९३४मध्ये दाखवले, की त्या दोऱ्याच्या गुंत्यासारख्या वेटोळलेल्या असतात. पुढे मार्क आणि हाउविंक यांनी सूत्र सुधारले: लवचीक साखळ्यांसाठी रेणुभाराचा घातांक १ नव्हे, साधारण ०.५ ते ०.८. श्टाउडिंगर मात्र काड्यांचा हट्ट सहजी सोडेनात.

१९५३मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांना नोबेल मिळाले. नळी आजही प्रयोगशाळांत आहे. तिच्या खुणा तशाच, गणित तेवढे बदलले.