मेंटलची राख

आमच्या घरी अकरा गॅसबत्त्या होत्या. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात वीज यायच्या आधी दादा त्या भाड्यानं द्यायचे. लग्नाची वरात, जत्रा, हरिनाम सप्ताह, रात्रीचा तमाशा, कुठंही उजेड हवा असला की माणूस आमच्या ओट्यावर यायचा. बत्ती पुसणं, रॉकेल भरणं, पिन मारून निपल मोकळी करणं ही कामं भावांची. मेंटल बांधायचं काम मात्र माझं, कारण माझी बोटं बारीक.

मेंटल म्हणजे मऊ पांढऱ्या जाळीची छोटी पिशवी, गळ्याशी दोरा ओवलेली. ती बर्नरच्या गळ्यात बसवायची, दोऱ्याची गाठ मारायची आणि उरलेला दोरा दातानं तोडायचा. दादा खालच्या वाटीत स्पिरिट पेटवायचे. कापड भर्रकन जळायचं, काळं व्हायचं, आणि मग त्याच आकाराची पांढरीशुभ्र राख बर्नरला लटकत राहायची. पंपाचे दहाबारा झटके बसले की ती राख उजळायची आणि अख्खं अंगण दिवसासारखं दिसायचं. वरातीहून बत्त्या परत येत तेव्हा बैलगाडीच्या धक्क्यांनी निम्मी मेंटलं फुटलेली असत. फुटलेलं मेंटल मी बोटानं काढायची आणि बर्नरवर जोरात फुंकर मारायची. पांढरी धूळ तोंडावर यायची. ती मी परकराला पुसायची आणि तशाच हातानं भाकरी खायची.

पुढं एका महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागाचं भांडार मी सव्वीस वर्षं सांभाळलं. रुजू झाले त्या आठवड्यात कपाटांची मोजदाद करताना एक तपकिरी बाटली हाती आली. चिठ्ठीवर थोरियम नायट्रेट एवढंच लिहिलं होतं. ते कशाला लागतं म्हणून विभागातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, आता कशालाच नाही, पण गॅसबत्तीचं मेंटल यातच बुडवून करतात. मी बाटली हातात धरून कितीतरी वेळ उभी होते. त्या दिवसापासून थोरियम या धातूची गोष्ट मी जमेल तिथून गोळा करत आले.

थोरियम सापडलं नॉर्वेत. लोव्होया नावाच्या बेटावर एस्मार्क नावाच्या पाद्र्याला एक काळा जड दगड मिळाला. तो स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनज्ञाकडे पोचला आणि 1829 साली त्यानं त्यातलं नवं मूलद्रव्य ओळखलं. नाव ठेवलं थॉर या विजांच्या देवावरून. पुढची साठेक वर्षं त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मग व्हिएन्नाचा कार्ल आउअर फॉन वेल्सबाख आला. धातूंच्या क्षारांत कापड भिजवून ज्योतीवर धरलं तर उरलेली राख झगझगते, हे त्यानं 1885 साली दाखवलं होतं. पण त्या पहिल्या मेंटलांचा उजेड हिरवट पडे आणि ती पटापट फुटत. 1891 साली त्याला प्रमाण सापडलं: नव्याण्णव भाग थोरियमचं ऑक्साइड, एक भाग सेरियमचं. थोरियमचं ऑक्साइड 3,300 अंश सेल्सियसच्या पुढं गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून ज्योतीत ते टिकतं. उजेड पांढरा पडतो तो त्या एका भागामुळं. युरोपातल्या शहरांचे रस्ते या जाळीनं उजळले.

मेंटलांना थोरियम हवं, आणि थोरियम मोनाझाइट नावाच्या जड वाळूत असतं. आधी ती ब्राझीलहून यायची. 1909 साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. काथ्याच्या मागावर तो मनवलकुरिचीच्या किनाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथं वाळू काढायला सुरुवात झाली. स्वातंत्र्यानंतर या वाळूची किंमत ओळखून 1950 साली सरकारनं इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी काढली. 1955 साली मुंबईत तुर्भ्याला थोरियमचा कारखाना उभा राहिला, आणि तिथलं थोरियम नायट्रेट देशातल्या मेंटलवाल्यांकडं जाऊ लागलं. तुर्भे म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. अप्सरा ही पहिली भट्टी 1956 सालची. खेड्यापाड्यांतल्या वरातींच्या उजेडाची सामग्री तिच्या आधी वर्षभर तिथं तयार होत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

थोरियम किरणं सोडतं हे कळलं 1898 साली. जर्मनीत गेरहार्ड श्मिट आणि पॅरिसमध्ये मारी क्युरी, दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. पण माझ्या मनात घर केलं ते पुढच्या वर्षीच्या माँट्रियलमधल्या प्रसंगानं. भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डचा सहकारी ओवेन्स थोरियमची किरणं मोजत होता आणि आकडे काही केल्या स्थिर राहत नव्हते. खोलीचं दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली की माप खाली येई. थोरियममधून एक वायू बाहेर पडत होता आणि वारा तो वाहून नेत होता. आज त्याला थोरॉन म्हणतात. साधारण मिनिटाभरात तो अर्धा होतो, पण बंद कपाटात आणि बंद खोलीत तो असतोच. मी भांडाराचं कुलूप काढलं की सगळ्यात आधी खिडक्या उघडायची आणि पंखा लावून बाहेर थांबायची. शिपायाला वाटे बाईंना वासाचा त्रास आहे. मी त्याला ओवेन्सच्या दाराची गोष्ट सांगितली, तेव्हापासून तोच माझ्या आधी येऊन खिडक्या उघडू लागला.

थोरियमची अल्फा किरणं कागदानंसुद्धा अडतात, कातडीच्या आत शिरत नाहीत. धोका आहे तो कण पोटात किंवा फुप्फुसात गेला तर. आणि एकदा शरीरात राहिलेलं थोरियम सहजासहजी बाहेर पडत नाही. याची किंमत मोजली ती रुग्णालयातल्या रुग्णांनी. 1930 च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचं द्रावण बाजारात आलं. थोरियमच्या ऑक्साइडचे बारीक कण असलेलं हे द्रावण शिरेत टोचलं की क्ष-किरणांच्या चित्रात रक्तवाहिन्या लख्ख दिसत. टोचताना त्रास नाही, नंतरही नाही, म्हणून डॉक्टर खूश होते. ते कण यकृतात आणि प्लीहेत जन्मभर बसून राहिले. वीस-तीस वर्षांनी त्या माणसांना यकृताचे कर्करोग होऊ लागले. थोरियमचं अर्धआयुष्य सुमारे 1,400 कोटी वर्षांचं. माणसाच्या जन्मात ते कमी होण्याची वाट बघणं व्यर्थ.

हा झाला एक धोका. दुसरा अगदी वेगळा आहे. 2 जुलै 1956 रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सिल्व्हेनिया कंपनीच्या प्रयोगशाळेत थोरियम धातूचा टाकाऊ चुरा जाळत असताना स्फोट झाला. नऊ जण जखमी झाले आणि त्यांतला एक महिन्याभरानं गेला. त्याचा जीव आगीनं घेतला. थोरियमची भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते. पेटली की पाणी मारायचं नाही, पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही कामाचा नाही. कोरडं मीठ किंवा धातूच्या आगीसाठी मिळणारी खास भुकटी वरून हलकेच पसरायची आणि हवा तोडायची. म्हणून भुकटी आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत ठेवतात आणि धूळ कधीच झाडूनं झाडत नाहीत.

आणि नायट्रेट? ते स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला प्राणवायू पुरवतं. नायट्रेटात भिजून वाळलेलं कापड भर्रकन जळणारच. माझ्या बाटलीची जागा म्हणून मला खटकली. भांडार इंग्रजी वर्णमालेप्रमाणं लावलेलं होतं: डावीकडं थायोयुरिया, मध्ये थोरियम नायट्रेट, उजवीकडं थायमॉल. दोन्ही शेजारी जळणारे. वर्णमालेनं प्राणवायू आणि इंधन एका फळीवर बसवलं होतं. ती फळी मोडायला मला दीड वर्ष लागलं, कारण सांगायचं कुणाला तेच ठरत नव्हतं. आगीचं बघणाऱ्यांना ते किरणांचं प्रकरण वाटे, किरणांचं बघणाऱ्यांना साध्या रसायनाचं.

हा घोळ फक्त आमच्या भांडाराचा नव्हता. वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत किरणोत्सारी माल म्हणजे वर्ग 7. थोरियम धातूला त्यासोबत 4.2 हा दुय्यम धोका लागतो, म्हणजे आपोआप पेटणारा, नायट्रेटला 5.1, म्हणजे जळण्याला मदत करणारा. ही पद्धत मला शहाणपणाची वाटते, कारण मोठा धोका सांगताना ती धाकट्याला लपवत नाही. पण 2003 पासून रसायनांच्या बाटल्यांवर जी लाल चौकटीतली जागतिक चिन्हं आली, त्यांत ज्वाला आहे, कवटी आहे, किरणोत्साराचं चिन्हच नाही. किरणोत्सार त्या व्यवस्थेच्या कक्षेतच घेतलेला नाही. तीन पाकळ्यांचं ते चिन्ह वेगळ्या घरचं; बर्कलीच्या प्रयोगशाळेत 1946 साली ते प्रथम काढलं गेलं. म्हणजे एकाच बाटलीला दोन घरच्या दोन चिठ्ठ्या हव्यात, आणि दुसरी चिकटवायची जबाबदारी प्रत्येकाला दुसऱ्याची वाटते. आम्ही शेवटी दोन्ही लावल्या. बाटली शिशाच्या डब्यात, डबा वेगळ्या कुलूपबंद कपाटात, कपाटाजवळ लाकूड, तेल, कागद काही नाही. उचलताना हातमोजे, ट्रेमध्येच ठेवायची, वजन फक्त फ्यूम हूडच्या आत. तोंडानं पिपेट ओढायचं नाही, आणि खोलीत चहासुद्धा नाही. एक गोष्ट मला उशिरा कळली: बाटली जुनी झाली म्हणून निरुपद्रवी होत नाही. शुद्ध करून भरल्यानंतर काही वर्षं तिची किरणं थोडी ओसरतात, मग थोरियम मोडून होणारी मूलद्रव्यं, म्हणजे त्याची लेकरंबाळं, आत साठत जातात आणि काही दशकांनी गॅमा किरणं पुन्हा चढतात.

दादांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते थकले होते. त्यांनी एकच विचारलं, तुला काही झालं नाही ना? नाही झालं. एका मेंटलमध्ये थोरियम पाव ग्रॅमच्या आगेमागे. दिव्याखाली बसून कीर्तन ऐकणाऱ्यानं घाबरावं असं त्यात काही नव्हतं. पण रोज मेंटलं हाताळणारी, राख फुंकणारी लहान पोर आणि कीर्तन ऐकणारा यांत फरक आहे, आणि तो फरक पाकिटावर कुणीतरी छापायला हवा होता. परदेशातल्या काही कंपन्यांनी 1990 च्या दशकात थोरियम सोडून यिट्रियमची मेंटलं काढली. बत्ती तशीच जळते.

माळ्यावर जुनी गॅसबत्ती असेल तर तिच्या बर्नरवर फुंकर मारू नका. ओल्या फडक्यानं राख टिपून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका, हात साबणानं धुवा, आणि नवं मेंटल बांधताना दोरा कात्रीनं कापा. तुमच्या शाळा-महाविद्यालयाच्या कपाटात थोरियम नायट्रेटची विसरलेली बाटली असेल तर ती मोरीत ओतू नका, भंगारातही देऊ नका. अणुऊर्जेच्या कायद्याप्रमाणं थोरियम हा नियंत्रित पदार्थ आहे. कपाटाला कुलूप लावा, चिठ्ठीवर दोन्ही धोके लिहा आणि मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला पत्र पाठवा.