प्रशीतक द्रव्ये, उष्णता पंपातील

कमी तापमानाच्या ठिकाणची उष्णता शोषून ती जास्त तापमानाच्या ठिकाणी सोडणाऱ्या उष्णता पंपात ज्या द्रायूचे आळीपाळीने बाष्पीभवन व संघनन होते, त्यास प्रशीतक द्रव्य म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील ईथर, अमोनिया इ. द्रव्ये ज्वालाग्राही वा विषारी होती. टॉमस मिज्ली व सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये पुढे आणलेली क्लोरोफ्ल्युओरोकार्बने निर्धोक म्हणून रूढ झाली. तथापि त्यांतील क्लोरिनामुळे ओझोनाचा ऱ्हास संभवतो, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले आणि १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये त्यांवर नियंत्रण आले. त्यांच्या जागी आलेली हायड्रोफ्ल्युओरोकार्बने ओझोनास अपायकारक नाहीत. परंतु त्यांपैकी आर-१३४ए या द्रव्याची तापनक्षमता शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. १,४०० पट भरते. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याचे ठरले. भारताने ती २०२१ मध्ये अनुसमर्थित केली.

प्रोपेनाची तापनक्षमता अत्यल्प आहे. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने यंत्रातील त्याच्या राशीवर मर्यादा असते. कार्बन डाय-ऑक्साइड जळत नाही, पण त्यास फार उच्च दाब लागतो. पाणी तापविणारे असे घरगुती पंप जपानमध्ये २००१ पासून विक्रीस आले. सर्वथा निर्दोष द्रव्य उपलब्ध नसल्याने गळती रोखणे व जुन्या यंत्रांतील द्रव्य परत मिळविणे हेही निवडीइतकेच महत्त्वाचे ठरते.