बाळाच्या शीचा रंग आणि साठ दिवसांची शर्यत

"डॉक्टर, बाळाची शी हिरवी झालीये. थंडी बाधली असेल का?"

हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना नेहमी विचारला जातो. दूध छान पिणाऱ्या, वजन नीट वाढणाऱ्या बाळाची शी अधूनमधून हिरवी झाली तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पांढरट शीबद्दल मात्र फोन क्वचितच येतो. "दूधच पितं ना, मग शी पांढरी होणारच," असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. खरं तर धावत दवाखान्यात यावं असा रंग हाच आहे. हे वैद्यकशास्त्राला कसं कळत गेलं, त्याची ही गोष्ट.

शीला रंग येतो कुठून?

शरीरातल्या जुन्या लाल पेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात मिसळतं. हे पित्त पित्तनलिकेतून आतड्यात उतरतं आणि शीला पिवळा, हिरवा किंवा तपकिरी रंग देतं. म्हणजे दूध पांढरं असलं तरी शी पांढरी होत नाही. आईच्या दुधावरच्या बाळाची शी हळदीसारखी पिवळी, पातळसर आणि रव्यासारखे कण असलेली असते. शी पांढरट झाली, तर पित्त आतड्यात पोचत नसण्याची शक्यता असते.

असं होण्याचं एक गंभीर कारण म्हणजे बायलरी अट्रेझिया. या आजारात यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजून जातात. पित्त यकृतातच तुंबतं आणि उपचार झाले नाहीत तर काही महिन्यांत यकृत निबर होऊन निकामी होतं. आजार दुर्मिळ आहे. जपानमध्ये साधारण दहा हजार बाळांत एकाला, तर तैवानमध्ये त्याहून थोडा जास्त आढळतो.

नाव मिळालं, उपाय नव्हता

एडिंबरोचे डॉ. जॉन थॉमसन यांनी १८९२च्या सुमारास अशा सुमारे पन्नास बाळांच्या नोंदी एकत्र करून या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. लांबलेली कावीळ, पांढरट शी, गडद लघवी आणि शेवटी मृत्यू, हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसत होतं. १९२८मध्ये बोस्टनचे सर्जन विल्यम लॅड यांनी शस्त्रक्रिया करून यातली काही बाळं वाचवल्याचं प्रसिद्ध केलं. पण ज्यांच्या नलिकेचा थोडा तरी भाग उघडा होता, त्यांनाच त्याचा उपयोग झाला. बाकीच्यांवर, म्हणजे बहुतेक बाळांवर, 'दुरुस्त न होणारी' असा शिक्का बसला. सर्जन पोट उघडत, जोडायला नलिका सापडत नसे, आणि पोट पुन्हा शिवून टाकत.

सेंदाईचे डॉ. कासाई

१९५५मध्ये जपानमधल्या सेंदाई शहरात डॉ. मोरिओ कासाई यांच्यापुढे असंच एक ७२ दिवसांचं बाळ होतं. जोडायला नलिका नव्हती. असं सांगतात, की यकृताच्या मुखाशी रक्तस्राव होऊ लागला, तेव्हा तो थांबवण्यासाठी त्यांनी आतड्याचा भाग तिथे लावला. पुढे त्या बाळाच्या शीला रंग येऊ लागला!

यातून कासाईंच्या लक्षात आलं की यकृताच्या मुखाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक नलिका शिल्लक असतात. बुजलेला भाग कापून तिथे आतडं जोडलं, तर पित्ताला वाट मिळू शकते. हे काम १९५९मध्ये जपानी भाषेत प्रसिद्ध झालं. इंग्रजीतला मोठा लेख १९६८मध्ये आला, तरी पाश्चात्त्य सर्जनांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली.

त्याच अनुभवातून आणखी एक गोष्ट पुढे आली. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या बाळांचे निकाल सर्वांत चांगले होते. जसजसा उशीर होतो, तसतशा त्या बारीक नलिकाही नष्ट होत जातात. म्हणजे कुशल सर्जन असून भागत नव्हतं, बाळ त्याच्यापर्यंत वेळेत पोचणं गरजेचं होतं.

आईच्या हातात एक कार्ड

बाळ वेळेत पोचवायचं तर आजार आधी दिसणार कुणाला? बाळाची दुपटी बदलणाऱ्या आईला आणि आजीला! १९९४मध्ये जपानच्या तोचिगी प्रांतात डॉ. अकिरा मात्सुई यांनी शीच्या रंगांची छायाचित्रं छापलेलं कार्ड आयांना द्यायला सुरुवात केली. आईने बाळाच्या शीचा रंग कार्डाशी जुळवायचा आणि फिकट वाटला तर कळवायचं, इतकंच. या कार्डाला ना सुई लागत होती, ना मशीन.

तैवानने २००२मध्ये हे कार्ड काही भागांत वापरून पाहिलं आणि २००४पासून प्रत्येक बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत घातलं. पूर्वी या आजाराची सुमारे ५६ टक्के मुलं पाच वर्षं जगत असत, कार्डानंतर हे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांवर गेलं. २०१२पासून जपानमध्येही हे कार्ड देशभरच्या माता-बाल पुस्तिकेत आहे.

कासाई शस्त्रक्रियेने आजार कायमचा बरा होतोच असं नाही. अनेक मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागतं. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८मध्ये दिल्लीत झालं, तेही याच आजाराच्या मुलावर. यकृताचा भाग वडिलांनी दिला होता. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. पण वेळेवर झालेल्या कासाई शस्त्रक्रियेने प्रत्यारोपण काही वर्षं लांबू शकतं, कधी कधी टळतंही.

तुम्ही काय पाहाल?

- पहिले दोन-तीन दिवस काळपट हिरवी, चिकट शी: नॉर्मल.
- पिवळी, हिरवी, तपकिरी: सहसा नॉर्मल.
- खडूसारखी, भिजवलेल्या कणकेसारखी किंवा राखाडी: त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.
- लाल, किंवा पहिल्या काही दिवसांनंतर पुन्हा काळी: रक्त असू शकतं, लगेच दाखवा.
- लघवी गडद पिवळी असून दुपट्यावर डाग पडत असतील, तर तेही सांगा. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते.

रंग दिवसाच्या उजेडात पाहा. मोबाईलच्या फोटोत रंग बदलतो, त्यामुळे शक्य असेल तर शीचं दुपटं किंवा डायपरच सोबत आणा. शी सुरुवातीला पिवळी असून हळूहळू फिकट होऊ शकते, म्हणून पहिले दोन महिने लक्ष ठेवा.

आणि बाळ चौदा दिवसांचं झालं तरी डोळे पिवळे असतील, तर "कोवळं ऊन दाखवा, उतरेल" एवढ्यावर थांबू नका. रक्तातलं एकूण आणि डायरेक्ट, दोन्ही बिलिरुबिन तपासून घ्या. बाळ गुटगुटीत आणि हसरं दिसत असलं तरीही! या आजारातली बाळं सुरुवातीला अगदी तशीच दिसतात, आणि साठ दिवस तेवढ्यात निघून जातात.