वंशाच्या गोष्टी आणि तांब्याचा पत्रा

लातूर म्हटलं की आज आपल्याला तुरीचा बाजार आठवतो, शिकवणीचे वर्ग आठवतात, १९९३ चा भूकंप आठवतो. पण या गावाचं नाव एका मोठ्या राज्याशी जोडलेलं आहे, आणि त्या नावाभोवती पुराणकथाही आहेत. आज त्यांच्याबद्दल थोडं बोलू.

लातूरचं सिद्धेश्वराचं देऊळ ताम्रध्वज राजानं बांधलं, असं इथले लोक सांगतात. महाशिवरात्रीला तिथं मोठी यात्रा भरते. हा ताम्रध्वज जैमिनीच्या अश्वमेधातला. पांडवांचा घोडा त्यानं अडवला होता. त्याचे वडील मयूरध्वज, राजधानी रत्नपूर. कृष्ण ब्राह्मणाच्या वेषात आला आणि त्यानं राजाचं उजवं अर्धं अंग मागितलं. करवत फिरू लागली तेव्हा राजाच्या डाव्या डोळ्यात पाणी आलं. रडत दिलेलं दान मला नको, असं कृष्ण म्हणाला. राजानं उत्तर दिलं, उजवं अंग कामी आलं, आपण वाया गेलो, म्हणून डावा डोळा रडतो आहे.

लातूरचं जुनं नाव रत्नपूर होतं, अशी इथली समजूत आहे. तिकडे छत्तीसगडातलं रतनपूरही हीच कथा आपली म्हणतं. चांगल्या गोष्टीला दोन गावं भांडली तर त्यात वाईट काही नाही.

आता शिलालेखांकडे येऊ. आठव्या शतकाच्या मध्यावर दंतिदुर्गानं चालुक्यांची सत्ता मोडून राष्ट्रकूटांचं राज्य उभं केलं. पुढे अमोघवर्षाच्या काळात राजधानी मान्यखेटला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला होती. तरीही त्याच्या ८६६ च्या लेखांत त्याला लट्टलूर नगरीचा स्वामी म्हटलं आहे. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. गाव मागं राहिलं, पण राजानं नाव सोडलं नाही.

राजांनाही गोष्ट लागते. दंतिदुर्गाच्या ताम्रपटात यदुवंशाचा उल्लेख नाही. तिसऱ्या कृष्णाच्या ९४० च्या देवळी ताम्रपटापर्यंत मात्र घराणं यदूचं, शाखा सात्यकीची, आणि त्यात रट्ट नावाचा मूळपुरुष, अशी सगळी वंशावळ तयार झालेली दिसते. नांदेड जिल्ह्यातलं कंधार याच कृष्णाच्या काळात भरभराटीला आलं. तिथला जगत्तुंग तलाव आणि क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष आजही त्या वैभवाची कल्पना देतात. त्याच कंधारात हाजी सय्याह यांचा दर्गा आहे.

कविसंमेलनात कविता वाचून झाली की कोणीतरी मला प्रेमानं विचारतं, “तुम्ही लोक इकडे कधी आलात?” माझ्या घरात दखनी बोलतात, कविता मला मराठीतच सुचते. अशा वेळी मला चिंचणीचा ताम्रपट आठवतो. हे गाव आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, तिसऱ्या इंद्राच्या कारकिर्दीतला. त्यात संजाण प्रांताच्या कारभाऱ्याचं नाव मधुमती असं आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद. जातीनं ताजिक, म्हणजे अरब. त्यानं नदीवर फुकट नावा ठेवल्या, भात, कालवण आणि तूप वाढणारं अन्नछत्र घातलं, आणि राजाच्या संमतीनं देवीच्या मठाला जमीन दिली. साधारण त्याच सुमारास आलेल्या मसूदी या अरब प्रवाशानं चौलच्या बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं लिहिलं आहे, आणि हा राजा त्यांचा मान राखतो असंही नोंदवलं आहे.

हा मुहम्मद माझा पूर्वज, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर राष्ट्रकूटांनी सात्यकीचं जे केलं, तेच मी केल्यासारखं होईल. मला त्या तांब्याच्या पत्र्यातली दुसरीच गोष्ट आवडते. त्यात मुहम्मदाच्या बापाचं नाव एका शब्दात उरकलं आहे. नावा, भात आणि तूप यांचा तपशील मात्र नीट दिला आहे. कोण कुठून आला, हे आपण विचारतच राहणार. त्याबरोबर तो इथं राहून काय करत होता, हेही विचारायला हवं. मयूरध्वजाची कथा लोकांनी जपली, तीही त्याच्या वंशासाठी नाही, त्यानं काय दिलं यासाठी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)